बावीस महिन्यांची मुलगी दात घासू देत नाही, आणि वरच्या दातांवर पांढरी रेघ दिसतेय

मंगळवार पेठेतली आई
१८ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार. माझी मुलगी बावीस महिन्यांची आहे. परवा तिचं बोरन्हाण केलं. रात्री फोटो बघत बसले होते. एका फोटोत ती खळखळून हसतेय, डोक्यावर हलव्याचा मुकुट. तो फोटो मोठा करून बघताना वरच्या मधल्या दोन दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. आधी वाटलं दुधाची साय चिकटली असेल. सकाळी ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, गेली नाही. डाव्या दाताच्या कडेला मोहरीपेक्षा बारीक असा पिवळट-तपकिरी ठिपकापण आहे. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

घरातलं सगळं सांगते, म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. आम्ही कोल्हापुरात एकत्र राहतो. सासरे रोज संध्याकाळी गंगावेशीतून समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणतात. ते तापवून, चमचाभर साखर घालून बाटलीत देतो आणि बाटली तोंडात धरूनच ती झोपते. रात्री दोनच्या सुमाराला उठते, तेव्हा परत थोडी बाटली. दिवसा चपातीबरोबर काकवी आवडते. सध्या गुऱ्हाळं चालू आहेत, नणंदेच्या सासरहून डबा भरून आलाय. आणि रडली की सासूबाई गुळाचा खडा हातावर ठेवतात.

ब्रशचं म्हणाल तर वर्षाची होईपर्यंत बोटात घालायचा रबरी ब्रश होता, तो चालायचा. आता मऊ ब्रश आणलाय, पण जवळ नेला की ओठ घट्ट मिटते. कसाबसा आत गेला तर दातांत पकडून ठेवते, पेस्ट चोखून घेते आणि मग कढ येईपर्यंत रडते. मिस्टर म्हणतात, "जाऊ दे, उद्या बघू." असं करत दोन-तीन दिवसांतून एकदाच दात घासले जातात. सासूबाईंचा जीव आहे नातीवर, पण त्यांचं म्हणणं, "दुधाचे दात, पडणारच आहेत. आमच्या पोरांचे कोण घासत होतं?"

ही रेघ म्हणजे कीड का? पेस्ट कुठली आणि किती घ्यायची, गिळली तर काय? आणि रात्रीचं दूध तोडायचं कसं, ती त्याशिवाय झोपतच नाही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.

---

शाहूपुरी, दोन मुलांची आई
१९ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, रडू नका, दिसलंय लवकर. माझ्या धाकट्याला दोन ब्रश दिल्यावर फरक पडला. एक त्याच्या मुठीत, चावायला, खेळायला, आणि दुसरा माझ्या हातात, खरं काम करायला. आधी तो माझे दात घासतो, मग मी त्याचे. फक्त त्याच्या हातात ब्रश दिला म्हणजे दात घासून झाले असं धरू नका. मी पहिले सहा महिने तेच धरून बसले होते.

---

फौंड्रीवाला, शिरोली
१९ जानेवारी, सकाळी ९.०५

ताई, रात्रपाळीवरून आलो, चहा पिताना तुमचं वाचलं आणि झोप लागेना, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

आमचा थोरला आता सात वर्षांचा आहे. तो दोन वर्षांचा असताना त्याच्या दातांवर हीच रेघ होती. अगदी हीच, खडूची. मी ती बघितली होती. म्हटलं कॅल्शियम कमी पडत असेल, दूध वाढवू. म्हणजे जे रात्रभर दातांवर साचत होतं तेच आम्ही वाढवलं. चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे पन्हाळ्याच्या बाजूला, घरात गुळाची ढेप कधी संपत नाही. आई बाटलीत साखरेऐवजी गूळ घालायची. साखर वाईट, गूळ चांगला, असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटायचं.

सहा-सात महिन्यांत ती रेघ पिवळी झाली, मग तपकिरी, आणि मग दाताची कड नख तुटावं तशी तुटायला लागली. तरी आम्ही म्हणत होतो, पडणारच आहेत. तो साडेतीन वर्षांचा असताना दसऱ्याला त्याला खांद्यावर घेऊन दसरा चौकात सोनं लुटायला गेलो होतो. गर्दीत त्याचं कपाळ माझ्या मानेला टेकलं, तर तापलेलं. घरी येऊन ट्यूबखाली बघितलं तर वरचा ओठ आणि नाकाशेजारचा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आलेला. रात्रभर तो झोपला नाही आणि आम्हीही नाही.

आधी औषधानं सूज उतरवली. मग भूल देऊन एकाच दिवसात सगळं काम केलं. वरचे मधले दोन दात काढले, शेजारचे दोन भरले, चार दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या. भुलीतून जागा झाल्यावर पोरानं जीभ त्या मोकळ्या फटीत घातली आणि माझ्याकडं बघितलं. बोलला काही नाही. ते बघणं मी विसरू शकत नाही. त्यानंतर तीन वर्षं 'स' म्हणताना त्याची हवा जायची आणि बालवाडीच्या फोटोत तो तोंडावर हात धरायचा. गेल्या महिन्यात कुठं पहिला पक्का दात अर्धा वर आलाय.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. पुढचे दात सहा-सात वर्षांनी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. पोरगं तोवर त्याच दाढांनी जेवणार असतं. दाढ आधीच काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

आता धाकटीचं सांगतो. ती अडीच वर्षांची आहे आणि तिच्या एकाही दाताला डाग नाही. आम्ही काय करतो ते बारकाईनं लिहितो.

बाथरूममध्ये, बेसिनपुढं उभं करून आम्ही घासतच नाही. तिथं पोर निसटतं आणि आपल्याला आतलं काही दिसत नाही. मधल्या खोलीत ट्यूबखाली सतरंजी टाकतो. मी मांडी घालून बसतो, तिला उताणी झोपवून डोकं माझ्या मांडीवर घेतो, पाय पलीकडं. म्हणजे तोंड सरळ माझ्या डोळ्यांखाली येतं. पहिला आठवडा बायको समोर बसून तिचे दोन्ही हात हातात धरायची, दाबून नव्हे, नुसते धरून. मग डाव्या हाताच्या बोटानं वरचा ओठ उचलायचा. इथं एक गोष्ट नीट ऐका. वरच्या ओठाच्या आत मधोमध एक बारीक पडदा असतो, ओठापासून हिरडीपर्यंत. ब्रशचा धक्का त्याला लागला की जबर दुखतं. आमची पोरगी जी किंचाळायची त्याचं निम्मं कारण तो पडदा होता, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. आता मी बोट त्या पडद्यावरच ठेवतो आणि बोटाच्या दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवतो. तेव्हापासून किंचाळणं थांबलं. कुरकूर राहिली.

आणि आमची केएमटी, म्हणजे सिटी बसचा खेळ. तुमच्या मुलीला आता बहुतेक वर आठ आणि खाली आठ असे सोळा दात असतील. वरचे आठ म्हणजे आठ थांबे: रंकाळा, गंगावेश, पापाची तिकटी, शिवाजी चौक, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टँड, कावळा नाका. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबते, ब्रश चार वेळा बारीक गोल फिरतो, "चला पुढं" म्हटलं की पुढचा दात. जाताना बाहेरची बाजू, परतताना आतली. मग खालचे आठ, तसेच. वर दाढेला सपाट जागा असते तिथं मागं-पुढं. सगळा फेरा दोन मिनिटांत होतो. पोरीला कळतं की कावळा नाका आला की गाडी वळणार आणि रंकाळा आला की सुटका. कधी संपणार हे माहीत असलं की पोर धीर धरतं. आता तिच्या मागच्या दाढा आल्यात, म्हणून आम्ही एका टोकाला फुलेवाडी आणि दुसऱ्या टोकाला शिरोली नाका जोडला. तिला फार आनंद झाला, कारण बाबा रोज शिरोलीला जातो.

रडली तर? ताई, रडताना तोंड उघडंच असतं. रागवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, "बघ आता डॉक्टर सुई टोचतील" असलं तर कधीच म्हणायचं नाही. पण फेरा अर्धवट सोडायचाही नाही. थांब्यांची नावं त्याच आवाजात घेत राहायची आणि झाल्यावर लगेच छातीशी धरायचं. आमच्याकडं अकरा दिवस रडारड झाली. बाराव्या दिवशी ती आपण होऊन सतरंजीवर आडवी झाली.

माझी पाळी दर आठवड्याला बदलते. म्हणून बायकोला, आईला, सगळ्यांना थांबे पाठ आहेत. माणूस बदललं तरी गाडीचा रस्ता बदलत नाही. दिवाळीत गडहिंग्लजला आजोळी चार दिवस राहिली तर खंड पडला आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हा गावाला जाताना ब्रश पिशवीत पहिल्यांदा टाका.

सकाळची वेळ एखाद्या दिवशी हुकली तर मी जीव काढत नाही. रात्रीची हुकू देत नाही. शेवटचं दूध, मग ब्रश, मग फक्त पाणी.

---

लहान मुलांच्या दातांची डॉक्टर
१९ जानेवारी, दुपारी २.३०

ताई, तुम्ही वर्णन केलेली रेघ बहुधा किडीची पहिली पायरी आहे. दाताच्या वरच्या थरातून खनिजं निघून जायला लागली की तो असा खडूसारखा दिसतो. या पायरीवर खड्डा पडलेला नसतो, त्यामुळं ती थांबवता येते, कधी कधी भरूनही निघते. तपकिरी ठिपका मात्र फोटोवरून सांगता येणार नाही, प्रत्यक्ष बघायला हवा. या आठवड्यातच दाखवा. खरं तर पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी. शहरात लहान मुलांचे दंतवैद्य आहेत, आणि नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयातही लहान मुलांसाठी विभाग आहे. मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यात दातही बघतात, त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका.

पेस्टबद्दल. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये छापलेलं असतं, ते १००० च्या आसपास हवं. मुलांच्या नावानं मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये ते निम्मं असतं किंवा अजिबात नसतं, तेव्हा चव आणि चित्र बघून घेऊ नका. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या एका दाण्याएवढी, नुसती ब्रशच्या केसांना पुसलेली. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. तांदळाएवढी गिळली गेली तरी काळजी नाही, पण ट्यूब तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पूर्वी दोन वर्षांपर्यंत फ्लोराइड नको म्हणायचे. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०१४ मध्ये तो सल्ला बदलला: पहिला दात दिसला की सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीतच घातली. घासून झाल्यावर चूळ भरायला लावू नका. फेस फडक्यानं टिपून घ्या, राहिलेला पातळ थर रात्रभर काम करतो.

आता दूध. दिवसा कपातून, बिनसाखरेचं दूध प्यायली तर त्यानं दात किडत नाहीत. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि तोंड धुऊन काढण्याचं काम लाळच करते. बाटलीतलं गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. म्हणूनच तुमच्या मुलीची रेघ वरच्या दातांवर आहे. आधी साखर बंद करा, चार दिवसांत कमी कमी करत. मग रात्री दोनच्या बाटलीत दर दोन दिवसांनी दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त. पंधरा दिवसांत नुसतं पाणी उरतं आणि बऱ्याच मुली त्यासाठी उठणंच सोडतात. ज्या आया अंगावर पाजतात त्यांना एवढंच सांगते की वर्षानंतर रात्रभर दर तासाला पाजणं हळूहळू कमी करा. स्वतःला दोष देऊ नका.

गूळ आणि काकवी यांतही साखरच आहे, आणि काकवी तर चिकटून बसते. किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. दर वेळी गोड गेलं की तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. जेवताना चपातीबरोबर काकवी द्या, वर पाणी पाजा. दिवसभर अधूनमधून हातावर येणारा खडा तेवढा बंद करा. खोकल्याची गोड औषधंही ब्रश करण्याआधी द्या, नंतर नकोत.

दवाखान्यात आम्ही बहुतेक फ्लोराइडचा लेप लावतो. दुखत नाही, दोन मिनिटांचं काम. खड्डा पडायला लागला असेल तर चांदी आणि फ्लोराइड असलेलं एक औषध लावता येतं. कीड थांबते, पण ती जागा काळी पडते. ते आधी विचारून घ्या, नंतर घरचे घाबरतात. तपासताना तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून बसाल, मुलीचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर आणि पाय तुमच्या कमरेभोवती. ती तुमच्याकडंच बघत असते, त्यामुळं भीती कमी वाटते.

शिरोलीचे दादा, ओठातल्या त्या पडद्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी रोज प्रत्येक आईला बोट ठेवून दाखवते. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांच्याच हातात हवा, हेही तुम्ही करताय ते बरोबर आहे.

---

बावड्याची आज्जी
१९ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

नातू टाइप करून देतोय, बोलतेय मी.

बाळा, सासूशी वाद घालू नकोस. सकाळी उन्हात, दारात, पोरीला त्यांच्या मांडीवर दे आणि ओठ वर करून त्यांना दाखव. सांगून पटत नाही ते बघून पटतं. आमच्या वेळी कुणी घासत नव्हतं हे खरं हाय. पण आमच्या वेळी बाटली नव्हती आणि गूळ सणाला मिळायचा. आणि किती पोरं गाल धरून रडायची ते आम्ही विसरलोय. लवंग दाताखाली ठेवायची आणि गप्प बसवायचं.

आणखी एक सांगते. मी चाळीस वर्षं मिश्री लावत होते. नात दीड वर्षाची असताना माझ्या डबीत बोट घालून, मी घासते तसं हिरडीवर घासलं तिनं. तंबाखू ती. उलट्या करून करून पोर पांढरी पडली, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी डबी मी स्वतःच्या हातानं गटारात रिकामी केली. सोपं नव्हतं, महिनाभर डोकं दुखायचं. पण पोरं आपण सांगतो ते करत नाहीत, आपण करतो ते करतात. आता मी आणि ती रात्री शेजारी बसून ब्रश करतो. घरात कुणी मिश्री किंवा लाल दंतमंजन लावत असेल तर पोरीपासून लांब ठेवा.

---

मंगळवार पेठेतली आई
४ मार्च, रात्री १०.२०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. आम्ही तेवीस जानेवारीला दाखवलं. वरच्या चारही दातांवर रेघा निघाल्या, दोनवर मला दिसलेल्या आणि शेजारच्या दोन्हींवर अंधुक. ठिपक्याच्या जागी थर नुकताच खरबरीत झाला होता. लेप लावला आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

आज्जी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं, बोट फिरवून बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. दुपारी गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला होता. आता रडली की त्या तिला गच्चीवर कबुतरं दाखवायला नेतात. साखर सहा दिवसांत सुटली. रात्री दोनची बाटली सुटायला मात्र तीन आठवडे लागले. त्यातल्या चार रात्री फार वाईट गेल्या, मिस्टर तिला खांद्यावर घेऊन जिन्यात फिरत होते. आता साडेआठला कपातून दूध, मग सतरंजी.

दादा, तुमची गाडी आमच्याकडंही चालू आहे. अजून रोज हसत येत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा रडतेच. पण परवा पापाची तिकटीनंतर मी चुकून दसरा चौक म्हटलं, तर तिनं माझं मनगट धरलं आणि ब्रश तोंडात असतानाच म्हणाली, "शिवाजी."

एक विचारायचं होतं. उजवीकडची मागची दाढ वर यायला लागलीय, हिरडी लाल आणि फुगलेली आहे. तिकडं ब्रश नेला की डोकं फिरवते. चार दिवस ती बाजू सोडून द्यावी का?

---

लहान मुलांच्या दातांची डॉक्टर
५ मार्च, सकाळी ८.१०

सोडू नका, तिथं अन्न साचून हिरडी आणखी सुजते. ब्रश कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, त्या थांब्यावर चारऐवजी दोनच वेळा, अगदी हलक्या हातानं फिरवा. आधी स्वच्छ ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून पाच मिनिटं चावायला द्या. हिरडीवर लावायची बधिर करणारी जेल घेऊ नका, एवढ्या लहान मुलांना ती सुरक्षित नाही. ताप शंभरच्या वर गेला तर दाढेमुळं आहे असं समजून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

---

फौंड्रीवाला, शिरोली
५ मार्च, दुपारी ३.००

ताई, ती दाढ पूर्ण वर आली की थांबा वाढवा. तिलाच विचारा कुठला घ्यायचा.